पुढे नरम, मागे कडक

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मध्ये थांबायला नको. माझा हा पराक्रम लपवण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. मुरूडपासून रेवदंड्यापर्यंतच्या प्रत्येक टपरीवर तो सांगून झालाय. माझ्याच तोंडून ऐकायचे तेवढे तुम्ही राहिलात!

माझी गाडी तुम्ही पाहिलीच आहे. छोटी, लाल, दिसायला चुणचुणीत. कंपनीने तिच्या पाठीवर 'स्पोर्ट' असं लिहून दिलं आणि मी ते मनावर घेतलं. तिथेच सगळं चुकलं.

आमचं घर ट्रकवाल्यांचं. वडिलांनी, म्हणजे नानांनी, अख्खं आयुष्य मिठाच्या गोणी वाहण्यात घालवलं. आता दोन ट्रक आणि एक छोटा टेम्पो आहे. ते मी आणि माझी धाकटी बहीण श्वेता बघतो. म्हणजे ड्रायव्हर, डिझेल, टायर, कागदपत्रं हे श्वेता बघते. मी ट्रक बघतो. लांबून.

तर झालं असं, की मी व्हिडिओ बघायला लागलो. गाडी वळणावर किती झुकते, शॉकअप कसे बदलावेत, स्प्रिंग किती कडक असावी. काशीदच्या वळणांवर माझी गाडी एका बाजूला झुकते हे मला पाच वर्षं कळलंही नव्हतं. एकदा कळल्यावर मात्र प्रत्येक वळणावर मला ती बोटीसारखी कलंडतेय असं वाटायला लागलं. शेवटी अलिबागला इम्तियाजभाईंच्या गॅरेजमध्ये गेलो.

इम्तियाजभाई म्हणजे शांत माणूस. त्यांनी तीन खोके समोर ठेवले.

"हे बघा, ह्यात नुसत्या स्प्रिंगा हायत. गाडी जराशी खाली बसेल, बास. दुसरा सेट रस्त्यासाठी. उंची कमीजास्त होते, कडकपणा पण. फॅमिलीवाल्यांना हाच देतो मी."

"आणि तिसरा?"

"तो शर्यतवाल्यांचा. तो तुमच्या कामाचा न्हाय."

आता मला सांगा, एखाद्या तरण्याताठ्या माणसाला 'तो तुमच्या कामाचा नाही' असं कधी सांगतात का?

"तिसराच लावा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "गाडीत बसणार कोण?"

"मी."

"अजून?"

"मीच."

"लग्न झालं की?"

"तेव्हाचं तेव्हा बघू, भाई!"

त्यांनी एक उसासा टाकला आणि तिसरा सेट लावला. गाडी चार बोटं खाली बसली. चाक आणि पत्रा यांच्यात माझी करंगळी जेमतेम जात होती. मला तर भरून आलं! मग त्यांनी मला कडकपणाचं बटण समजावलं. प्रत्येक शॉकअपला एक. "समोरून बघायचं. घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं की कडक, उलटं फिरवलं की नरम. बत्तीस टिकटिक हायत, मी सगळी मधोमध, सोळावर ठेवलीत. पुढचं बटण बॉनेटखाली, मागचं शॉकअपच्या बुडाला."

"कळलं, कळलं," मी म्हणालो. माझं अर्धं लक्ष गाडीचा फोटो काढण्यात होतं.

घरी आलो तर नाना ओटीवर बसलेले. त्यांनी गाडीकडे बघितलं, उठून जवळ आले, टायरला लाथ मारून बघितली.

"चारी टायरची हवा गेली काय रं?"

"नाना, सस्पेन्शन बदललंय. आता वळणावर हलणार नाही."

"गाडीखाली पाटे न्हाईत, ती गाडी हाय का खेळनं?" असं म्हणून ते परत ओटीवर जाऊन बसले. ट्रकखाली लोखंडी पट्ट्यांची चळत असते ना, ते पाटे. नानांचा देवानंतर विश्वास फक्त त्यांच्यावर.

पण मी खूश होतो! रस्त्यावर नाणं पडलेलं असलं तर छापा वर आहे की काटा, ते माझ्या कमरेला कळायचं. मी त्याला 'रोड फील' म्हणायचो. श्वेता त्याला 'मणक्याचा आजार' म्हणायची.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. श्वेताचं लग्न जमत आलं होतं. मुलगा अमोल, बोर्ली पंचतनचा, नोकरीला पनवेलला. दोघांची पसंती झालेली. राहिलं होतं ते त्याच्या घरच्यांनी आमच्याकडे येऊन साखरपुड्याची तारीख ठरवणं. ते रविवारी दिघीहून लाँचने आगरदांड्याला उतरणार आणि आम्ही त्यांना तिथून घेऊन यायचं, असं ठरलं.

"मी आणतो," मी छाती काढून म्हणालो.

"त्या गाडीतून?" श्वेताने हातातलं काम ठेवलं. "दादा, अमोलच्या आईची कंबर दुखते. भाड्याची मोठी गाडी सांगू या ना."

"अगं, आपली गाडी असताना भाड्याची? काय वाटेल त्यांना? आणि ही काय साधी गाडी आहे? बटण फिरवलं की नरम!"

"नक्की?"

"तू बघच."

रविवारी सकाळी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून मी गाडीजवळ गेलो. बॉनेट उघडून पुढची दोन्ही बटणं काट्याच्या उलट फिरवली. गाडीचं नाक दाबून बघितलं. लोण्यासारखं खाली गेलं! मागची बटणं मात्र अगदी बुडाला, जमिनीकडे तोंड करून. त्यासाठी गाडीखाली पाठीवर झोपायला हवं होतं. पांढरा शर्ट घालून कोण झोपतो? मी चाकाच्या वरून हात आत घातला, चाचपडत बटण सापडलं, आणि तेही काट्याच्या उलट फिरवलं. दहा टिकटिक. दोन्ही बाजूंना. आणि निघालो शीळ घालत.

आगरदांड्याच्या धक्क्यावर तिघं उतरले. अमोलचे वडील, आम्ही काका म्हणतो त्यांना, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. अमोलची आई, म्हणजे काकू. आणि तिसऱ्या एक धिप्पाड बाई, अंगावर जरीकाठाची साडी, नजर अशी की माणूस आपोआप शर्टाची कॉलर सरळ करील. त्या अमोलच्या आत्या. त्या कशाला आल्या होत्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. शिवाय नारळाचं एक पोतं. तेही डिकीत चढलं.

काका पुढे बसले, काकू आणि आत्या मागे. आम्ही निघालो.

"वा!" पहिल्याच खड्ड्यावर काका म्हणाले. "सत्तावीस वर्षं गाडी चालवली मी, पण एवढी मऊ बैठक न्हाय बघितली."

मी तर फुगलोच! "खास बसवून घेतलंय, काका."

मागून आवाज आला, "आई गं!"

मी आरशात बघितलं. काकूंनी दोन्ही हातांनी माझी सीट धरली होती. आत्यांचं डोकं छताला लागून खाली येत होतं.

"काही झालं का?"

"काही न्हाय," काका म्हणाले, "बायकांना गाडीची सवय न्हाय. एशटीत खिडकीशी बसायची सवय. तुम्ही चालवा."

थोड्या वेळाने आत्यांनी बोलायला सुरुवात केली. पण रस्ता असा, की त्यांचं वाक्य तुकड्यातुकड्यांनीच बाहेर पडत होतं.

"तुम— च्या— लग्ना— चं— काय— ठर— वलं—य?"

"थाटात करू आत्या! काहीच कमी पडू देणार नाही," मी म्हणालो. बहिणीचं लग्न, दुसरं काय विचारणार?

"न्हाय, तुम— च्या—" एवढ्यात खड्डा आला आणि बाकीचं वाक्य त्यांनी गिळलं.

काशीदला शहाळी प्यायला थांबलो. काकू उतरल्या त्या गाडीला टेकूनच उभ्या राहिल्या.

"बाळा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "गाडी फार छान आहे हो. पण मागे जरा... म्हणजे जरा दगडावर आपटल्यासारखं होतं."

"काय सांगता!" काका शहाळ्यातून तोंड काढून म्हणाले. "मी तर मघाशी पेंगत होतो."

"मागचे अजून थोडे क्लिक राहिलेत," मी म्हणालो. "आत्ता करतो, काकू. पुढे झोपच लागेल तुम्हाला."

परत चाकावरून हात आत. उरलेल्या सहाही टिकटिक. आता बटण त्याच्यापुढे फिरेनाच. म्हणजे नरमपणाची हद्द झाली! मी रुमालाने हात पुसत म्हणालो, "बसा. पाळण्यात बसल्यासारखं वाटेल."

पुढच्या चार किलोमीटरमध्ये मागून एक शब्द आला नाही. मला वाटलं, खरंच झोप लागली. आरशात बघितलं तर दोघींनी एकमेकींना मिठी मारली होती आणि डोळे गच्च मिटले होते.

एवढ्यावर भागलं असतं. पण मग आला स्पीडब्रेकर. कोर्लईच्या अलीकडे. चार माणसं, एक पोतं नारळ आणि चार बोटं खाली बसलेली गाडी. करर्र करून असा आवाज झाला की पलीकडच्या अंगणातला कुत्रा आत पळाला.

"मागच्या दोघी जरा उतरता का?" मी म्हणालो. "एवढा पार झाला की लगेच बसा."

उतरल्या. गाडी पार झाली. बसल्या. दोनशे पावलांवर दुसरा. उतरल्या. बसल्या. तिसरा! तुम्ही कधी मोजलेत का आपल्या गावांतले स्पीडब्रेकर? गाडी खाली बसवा, आपोआप मोजाल.

पूल ओलांडून रेवदंड्यात शिरलो आणि आत्यांनी दार उघडलं. त्या उतरल्या, साडी सारखी केली आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही पण उतरा. आता आपण चालत जाऊ."

"अहो आत्या, दोनच किलोमीटर राहिलंय!"

"म्हणूनच."

बायका उतरल्यावर काकाही उतरले. त्यांना बरं वाटेना, त्या चालत असताना आपण बसायचं म्हणजे.

आता ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. भर दुपार. पुढे आत्या, मागे कंबर धरून काकू, त्यांच्या मागे हात पाठीशी बांधून काका. तिघांचेही चेहरे उन्हाने आणि रागाने लाल. आणि त्यांच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये, चारी दिवे उघडझाप करत, मी!

रस्त्याच्या कडेला हिराबाय सुकट पालटत होती. आईची जुनी मैत्रीण. तिला माहीत होतं आज कोण येणार ते. आमच्या आईने ते अख्ख्या रेवदंड्याला सांगितलं होतं.

"आरं हर्षल, पाव्हनं चालत का चाल्लेत?"

"काही नाही गं, नंतर सांगतो!" मी काच वर करत म्हणालो.

का वर केली मी काच? दोन शब्द बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

दोन मिनिटांत आईचा फोन. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. मी काच परत खाली केली होती, कारण बाहेर चालणाऱ्या काकूंना पाण्याची बाटली देत होतो.

"हर्षल!" आईचा रडवेला आवाज गाडीभर घुमला. "हिराबाय म्हणते, ते गाडीतून उतरून परत निघालेत! काय बोललास तू त्यांना?"

"आई, काहीच बोललो नाही. ते बसतच नाहीत गं!"

"पण का?"

"मागे कडक आहे ना!"

"मागे कोण कडक आहे?"

"मागचं गं! पुढे एकदम नरम आहे, मागे मात्र कडक."

आईने नाक ओढलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे अमोलचे वडील नरम आहेत. आणि मागे ती आई बसलीय, ती कडक?"

"अगं नाही! मी सकाळी नरम केलं होतं, काशीदला तर अजून नरम केलं. आणि नेमकं तिथूनच एकदम कडक झालंय!"

"बघ! मला वाटलंच होतं!" आई आता मोठ्याने रडायला लागली. "फोनवर किती गोड बोलायची बाई, आणि दारात यायच्या आधीच रंग दाखवला! मानपानावरून झालं का रे? जाऊ दे, तू पाय धर तिचे. माझ्या पोरीसाठी धर!"

खिडकीत काकूंचा चेहरा आला. घामाने डबडबलेला.

"विहीणबाई," त्या स्पीकरच्या दिशेने म्हणाल्या, "मीच बोलतेय. पाय दुखतायतच. कोणी धरले तर बरंच होईल."

पलीकडून टुंग असा आवाज आला. आईने फोन ठेवला होता. काच वर करावी, गाडी बंद करावी, की समोरच्या खाडीत जाऊन उभं राहावं, मला काहीच सुचेना.

एवढ्यात समोरून आमचा टेम्पो आला. चालवत होती श्वेता. नव्या साडीत, पदर कमरेला खोचलेला. घरात आई खुर्चीत बसून रडत होती, नाना चपला शोधत होते, शेजारच्या बायका सांत्वनाला जमल्या होत्या. 'पाहुणे चालतायत' एवढं ऐकून एकट्या श्वेताच्याच डोक्यात आलं की भांडण नसणार, दादाची गाडी असणार!

तिने टेम्पो वळवून सावलीत लावला, उडी मारून उतरली, काकूंच्या पाया पडली, आत्यांच्या पाया पडली.

"काकू, दादाने गाडी स्वतः सेट केलीय म्हणाला असेल. चला, आधी बसा. बोलू नंतर."

पुढच्या सीटवर दोघींना चढवलं, काकूंच्या पाठीमागे घरून आणलेली उशी लावली. टेम्पो निघाला आणि खिडकीतून आत्यांचा आवाज आला, "ह्याला म्हणायचं बसणं!"

नारळाच्या पोत्यासह काका माझ्या गाडीत. आणि तुम्हाला काय सांगू, ते पुन्हा म्हणाले, "उगाच नाटकं करतात हो. किती मऊ आहे!"

त्यामुळे झालं काय, की घरी पोचल्यावरही माझी रग जिरली नाही. आईने लाल डोळ्यांनी पाहुण्यांना ओवाळलं, काकूंच्या नजरेला नजर द्यायची टाळली. काकूच हसून तिच्या गळ्यात पडल्या. चहा झाला. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गाडीत काही दोष नाही. काकांना विचारा."

"अगदी," काका म्हणाले. "मी साक्षीदार आहे."

नानांनी चहाची बशी खाली ठेवली. ते म्हणाले, "व्याही, तुम्ही जरा मागं बसून बघा."

काका ऐटीत मागे बसले. मी शाळेपर्यंत गेलो आणि वळून आलो. अर्धा किलोमीटर. काका दार धरून उतरले. थोडा वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग काकूंकडे बघून म्हणाले, "चुकलो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मात्र मला राग आला. मी तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल असा, इम्तियाजभाईंना फोन लावला.

"भाई, तुमच्या सेटमध्ये दोष आहे! तुम्ही सांगितलं तसं काट्याच्या उलटं फिरवलं. पुढे नरम झालं, मागे दगड!"

"मागचं बटण कसं फिरवलं? गाडीखाली झोपून?"

"नाही. चाकावरून हात घालून."

"म्हणजे वरून."

"हो."

"आणि बटणाचं तोंड कुठं हाय?"

"खाली," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझा आवाज बारीक होत गेला.

"शेठ, घड्याळ पाठीमागून बघितलं तर काटे कुठल्या बाजूला फिरतात?"

मी हवेत बोट फिरवून बघितलं. उलटीकडे! मग भाई म्हणाले, "बत्तीसच्या बत्तीस कडक केलं तुम्ही. कोण बसलं होतं मागं? जिता हाय ना?"

ओटीवर जो हशा झाला तो रस्त्यापर्यंत गेला. नाना हसता हसता खोकायला लागले. काकू कंबर धरून हसत होत्या, आणि हसल्यावर कंबर दुखतेय म्हणून आणखी हसत होत्या. त्या हशातच साखरपुड्याची तारीख ठरली. जेवणं झाली. आत्यांनी मात्र जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं आणि टेम्पोत जाऊन बसल्या. धक्क्यापर्यंत त्यांना श्वेताच सोडून आली.

मला वाटलं, सुटलो! बहिणीचं लग्न तर वाचलं.

दोन दिवसांनी श्वेता अमोलशी फोनवर बोलून माझ्याजवळ आली. चेहरा असा, की हसावं की वाईट वाटून घ्यावं ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"दादा, त्या आत्या कशाला आल्या होत्या माहितीये?"

"तुला बघायला."

"मला बघून झालं होतं रे. त्या तुला बघायला आल्या होत्या."

"मला?"

"त्यांची मुलगी आहे. श्रीवर्धनला शिक्षिका. फोटो दाखवू?"

तिने दाखवला. तो फोटो कसा होता ते मी सांगणार नाही. मला त्रास होतो.

"मग? काय म्हणाल्या आत्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, मुलगा मनाने चांगला आहे. कष्टाळू वाटतो. पण त्याला नरम वाग म्हटलं की तो कडक होतो, आणि वर आपल्यालाच विचारतो, आता बरं वाटतंय ना? आमच्या मुलीने जन्मभर काय उलटं बोलत राहायचं?"

मी नानांकडे बघितलं. म्हटलं, निदान बाप तरी माझी बाजू घेईल.

नानांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "बाई समजूतदार हाय."